चौकातला पुतळा कोण ठरवतं?

मागच्या महिन्यात या सदरात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या कला आयोगाचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक जागांवरची कला ठरवणाऱ्या मंडळाचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली निवडक घेतली आहेत.

आमच्या गावात चौकात काय उभं राहणार, हे नगरसेवक आणि मंडळाचे अध्यक्ष ठरवतात. तिथे आयोग म्हणजे नक्की कोण? – एक वाचक, सातारा

तिथेही माणसं महापौरच नेमतात, त्यामुळे राजकारण अजिबात नाही असं समजू नका. फरक आहे तो शहराच्या सनदेत, म्हणजे शहराचा कारभार ठरवणाऱ्या मूळ कायद्यात. आयोग 1932 पासून आहे. महापौरांनी नेमायचे सदस्य पंधरा, आणि त्यातले अकरा कलाक्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारेच हवेत: दोन वास्तुविशारद, एक उद्यानरचनाकार, शिवाय रंगभूमी, चित्र-शिल्प, साहित्य, माध्यमं यांतली माणसं. उरलेले चार सामान्य नागरिक. बैठक उघड असते, कुणीही येऊन दोन शब्द बोलू शकतो. शहराच्या जागेवर इमारत उभी राहायची असेल, तर तिच्या आराखड्यावरही आयोगाची मोहर लागते. लोक आयोगाला पुतळ्यांवरून ओळखतात, पण मला हे काम जास्त मोलाचं वाटतं. कुरूप पुतळा टाळून पुढे जाता येतं, कुरूप वाचनालयात मात्र रोज जावं लागतं.

पैसा कुठून येतो? दरवर्षी अंदाजपत्रकात भांडावं लागतं का? – कोल्हापूर

भांडावं लागतंच, पण दोन वाटा कायद्याने बांधलेल्या आहेत. पहिली 1969 ची. शहराने इमारत, उद्यान किंवा वाहतुकीचं काम काढलं की बांधकाम खर्चाच्या 2 टक्के रक्कम कलेसाठी. शंभर कोटींच्या कामात दोन कोटी. तिथल्या विमानतळावर एवढ्या कलाकृती दिसतात त्या यामुळेच. विमानतळाचं बांधकाम थांबतच नाही.

दुसरी वाट हॉटेलच्या करातून जाते. खोलीच्या भाड्यावर 14 टक्के कर आहे, त्यातला दीड टक्का कला-संस्कृतीकडे वळवायचा असं मतदारांनी 2018 मध्ये ठरवलं. म्हणजे 200 डॉलरच्या खोलीवर 28 डॉलर कर आणि त्यातले 3 डॉलर नाटकवाले, नाचवाले, वस्त्यांमधली सांस्कृतिक केंद्रं यांना. दोनच वर्षांपूर्वी असाच एक प्रस्ताव दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने पडला होता. कलाक्षेत्रातली मंडळी पुन्हा मतदारांकडे गेली आणि दुसऱ्या खेपेला सुमारे तीन चतुर्थांश मतं घेऊन आली. आपल्याकडे असा ठराव कुणी मतदानाला टाकेल का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडतो.

माझी नणंद तिकडे राहते, वारली चित्रं छान काढते. रस्त्यावर बसून विकता येतील का? – ठाणे

येतील, परवाना काढून. 1970 च्या दशकापासून आयोग रस्त्यावरच्या कारागिरांना परवाने देतो. मुख्य अट कडक आहे: वस्तू स्वतः बनवलेली हवी. परीक्षक काम बघतात, कसं बनवता ते विचारतात. इथून डहाणूहून गठ्ठा मागवून तिथे मांडला तर चालणार नाही. नणंदबाई स्वतः काढत असतील तर चिंता नको.

तज्ज्ञांनी निवडलेलं राजकारण्यांना आवडलं नाही तर? – पुणे

याचं उत्तर अमेरिकी कवयित्री-लेखिका माया अँजेलो यांच्या स्मारकात आहे, आणि ते आयोगाच्या कौतुकाचं नाही. शहरातल्या सार्वजनिक पुतळ्यांत स्त्रिया जवळजवळ नाहीतच, म्हणून 2018 मध्ये ठराव झाला की हे प्रमाण किमान 30 टक्क्यांवर न्यायचं. पहिलं काम अँजेलोंचं, जागा मुख्य वाचनालयाबाहेर. निवड समितीने लावा थॉमस या कृष्णवर्णीय शिल्पकर्तीची कल्पना उचलली: कांस्याचं उंच पुस्तक आणि त्यावर अँजेलोंचा चेहरा. ठराव आणणाऱ्या नगरप्रतिनिधीला मात्र नेहमीचा, चौथऱ्यावरचा पुतळा हवा होता. आयोगाने 2019 मध्ये माघार घेतली आणि निवड रद्द करून पुन्हा अर्ज मागवले.

कलाकार गप्प बसले नाहीत. 2020 मध्ये आयोगाच्या अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली आणि काम पुन्हा थॉमस यांच्याकडे आलं. स्मारक उभं राहिलं 2024 च्या सप्टेंबरात. एका कांस्याच्या पुस्तकासाठी इतकी वर्षं! पण माघार उघड बैठकीत झाली होती, त्यामुळे कोण काय बोललं ते नोंदीत होतं, म्हणून जाब विचारता आला. बंद केबिनमध्ये फोनवरून निवड बदलली असती, तर थॉमस यांना कारणही कळलं नसतं.

सॅन होजेला पुण्याने दिलेला शिवरायांचा पुतळा चोरीला गेला होता. आयोग असून उपयोग काय? – पुण्यातूनच, जरा रागावून

राग समजतो. सॅन होजे शेजारचं शहर, तिथली यंत्रणा वेगळी. भगिनी शहर म्हणून पुण्याने दिलेला तो अश्वारूढ पुतळा 2023 च्या सुरुवातीला उद्यानातून गायब झाला आणि काही दिवसांनी भंगाराच्या यार्डात सापडला. चोरांना शिवरायांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना कांस्याचा भाव ठाऊक होता.

सगळ्याच शहरांची दुखरी नस इथे आहे. नवीन कामाला पैसा मिळतो, कारण त्याचं उद्घाटन होतं. राखण, दिवे, गंज काढणं, दर काही वर्षांनी जोड तपासणं यांची फीत कोण कापणार? सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहात चार हजारांच्या आसपास कलाकृती आहेत, आणि बांधकामासाठी उभारलेला पैसा डागडुजीवर सहज खर्चता येत नाही.

आणि आपण कुणाला हसायचं? मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, प्रत्यक्ष पुतळा उभा राहिला पस्तीस फुटांचा. चेहरा तपासणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. मंजुरीनंतर उंची वाढली तर फाईल परत त्याच टेबलावर आली पाहिजे, आणि जोड, सांगाडा, समुद्राचा वारा तपासणारा अभियंता तिथे बसलेला पाहिजे.

मी शिल्पकलेचा विद्यार्थी आहे. इथून तिकडे अर्ज करता येतो का? – मुंबई

प्रत्येक कामाची पात्रता वेगळी असते. काही कामं फक्त स्थानिकांना, काही देशभरातल्या कलाकारांना खुली. जाहिरात नीट वाचा. पहिल्या फेरीत फक्त आधीच्या कामाचे फोटो आणि माहिती पाठवायची असते, आराखडा नाही. त्यातून निवडलेल्या मोजक्या कलाकारांनाच आराखडा करायला सांगतात, आणि त्याचं मानधन देतात. काम मिळो न मिळो. तुमच्याकडे कुणी ‘आधी फुकट मॉडेल करून दाखव’ म्हणालं, तर हा दाखला त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नाही.