मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’: १८१८ ची घ्यावी की १८३१ ची, आणि सुरुवातीची पत्रं गाळली तर चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘फ्रँकेन्स्टाइन’ पहिल्यांदाच मूळ इंग्रजीत वाचायची आहे, बाजारात १८१८ आणि १८३१ अशा दोन संहिता दिसतात, त्यातली कुठली घ्यावी? शिवाय सुरुवातीच्या पत्रांत मन रमत नाही, ती सोडून थेट पहिल्या प्रकरणापासून वाचलं तर काही बिघडेल का?

१८१८ ची घ्या. आणि पत्रं सोडू नका, त्यांच्यावाचून शेवटाला अर्थ उरत नाही. कथा एका ओळीत: व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण मेलेल्यांच्या अवयवांतून एक प्राणी घडवतो, त्याला जिवंत करतो आणि टाकून पळतो.

आधी दोन संहिता झाल्या कशा ते पाहू. पहिली आवृत्ती १ जानेवारी १८१८ ला लंडनमध्ये निघाली. तीन खंड, ५०० प्रती, लेखकाचं नाव कुठेच नाही. अर्पण विल्यम गॉडविनला, म्हणजे लेखिकेच्या वडिलांना. प्रस्तावना नवऱ्याने, कवी पर्सी शेलीने, लिहिलेली, पण तीही जणू लेखकच बोलतोय अशा थाटात. त्यामुळे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनेही परीक्षणात पुस्तक पर्सीच्या नावावर टाकलं. मेरीने लिहायला घेतलं तेव्हा ती १८ वर्षांची होती, पुस्तक बाहेर आलं तेव्हा २० ची. १८२३ मध्ये या कथेवरचं नाटक लंडनमध्ये गाजलं आणि त्याच वर्षी दोन खंडांत दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यावर मेरीचं नाव पहिल्यांदा आलं. मग १८३१ मध्ये कोलबर्न आणि बेंटली यांच्या ‘स्टँडर्ड नॉव्हेल्स’ या स्वस्त मालेत कादंबरी एका खंडात छापली गेली. त्या निमित्ताने मेरीने मजकूर जागोजागी बदलला आणि जिनिव्हाच्या तळ्याकाठच्या १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्याची हकीकत सांगणारी नवी प्रस्तावना जोडली. त्यानंतर दीर्घकाळ वाचकांच्या हातात पडत राहिली ती हीच.

प्रत हातात घेतल्यावर कुठली आहे हे मुखपृष्ठावरून बहुतेक वेळा कळत नाही. अनुक्रमणिका उघडा. खंड १, २, ३ आणि प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून (७, ९ आणि ७) असतील तर ती १८१८ ची. सलग २४ प्रकरणं असतील तर १८३१ ची. पहिल्या प्रकरणाचे दोन तुकडे केल्यामुळे २३ ची २४ झाली. मेरीची प्रस्तावना आहे म्हणून १८३१ ची, असं मात्र धरू नका. ती प्रस्तावना इतकी प्रसिद्ध आहे की १८१८ छापणारे संपादकही ती परिशिष्टात देतात. ई-पुस्तक असेल तर ‘मिलनीज’ हा शब्द शोधून पाहा. १८३१ मध्ये एलिझाबेथ (व्हिक्टरच्या घरी वाढलेली, त्याची नियोजित वधू) ही मिलानच्या एका उमरावाची अनाथ मुलगी आहे, कोमो सरोवराजवळच्या गरीब कुटुंबात सापडलेली. १८१८ मध्ये ती व्हिक्टरची सख्खी आतेबहीण आहे. ‘कझिन’ शोधून उपयोग नाही, कारण १८३१ मध्येही ती दोघं एकमेकांना कझिनच म्हणतात.

प्रताधिकार कधीच संपला असल्याने दोन्ही संहिता इंटरनेटवर फुकट मिळतात. तिथेही हीच खूण लावून पाहा, कारण फाइलच्या शीर्षकातल्या सालावर विसंबता येत नाही. कागदी प्रत घेणार असाल तर मॅरिलिन बटलर यांनी संपादित केलेली ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची प्रत १८१८ ची आहे. नॉर्टनची टीपांसहितची प्रतही १८१८ चीच. आपल्याकडे मिळणाऱ्या शंभर-दीडशे पानांच्या मुलांसाठीच्या प्रती संक्षिप्त असतात. मूळ पुस्तक साधारण पाऊण लाख शब्दांचं आहे, यावरून किती कापलं असेल याचा अंदाज येईल. कात्री सहसा पत्रांवर आणि डी लेसी कुटुंबाच्या (प्राणी ज्यांना लपून पाहत भाषा शिकतो त्यांच्या) भागावर चालते, म्हणजे नेमकी जिथे चालायला नको तिथे.

आता १८१८ च का? मुख्य फरक व्हिक्टरच्या जबाबदारीचा आहे. १८१८ चा व्हिक्टर एकामागून एक निर्णय घेतो आणि प्रत्येक वळणावर त्याला थांबता आलं असतं. १८३१ चा व्हिक्टर सारखा नियतीचं नाव घेतो. एक जागा जवळून पाहा. तो १५ वर्षांचा असताना घराजवळच्या जुन्या ओकवर वीज पडते आणि झाडाच्या चिरफळ्या उडतात. १८१८ मध्ये तो वडिलांना विचारतो हे काय, वडील सांगतात वीज, एक छोटं विद्युतयंत्र करून दाखवतात आणि तार लावलेला पतंग उडवून ढगातली वीज खाली उतरवतात. एका सुजाण घरातलं शिक्षण असं असतं. म्हणजे मुलगा पुढे भरकटला त्याला घरातलं अज्ञान कारण नव्हतं. १८३१ मध्ये वडील या प्रसंगातून गायब आहेत. एक विद्वान पाहुणा हजर असतो, तो वीज आणि गॅल्व्हॅनिझम (विजेने स्नायू हलतात हा तेव्हाचा नवा सिद्धांत) समजावतो, व्हिक्टर काही काळ गणिताकडे वळतो आणि प्रकरण संपताना सांगतो की नियती प्रबळ होती, तिने माझा नाश आधीच ठरवला होता. पुढे इंगोलस्टाटच्या विद्यापीठात प्राध्यापक वाल्डमनचं व्याख्यान ऐकल्यावरही १८३१ मध्ये तो म्हणतो की ते शब्द दैवाचेच होते.

मधल्या १३ वर्षांत मेरीची दोन मुलं इटलीत वारली आणि १८२२ मध्ये पर्सी समुद्रात बुडाला. तिला जग दैवाधीन वाटू लागलं असेल तर नवल नाही. पण कादंबरी म्हणून पहिली संहिता जास्त धारदार आहे. माझ्या मते व्हिक्टरचा गुन्हा जीव निर्माण केला हा नाही, जिवंत झालेल्याला टाकून तो पळाला हा आहे. दैव मध्ये आलं की त्याला पळवाट मिळते.

दुसरी कात्री राजकीय मतांवर चालली. व्हिक्टरच्या घरातली मोलकरीण जस्टिन हिच्यावर खुनाचा खोटा आरोप येतो. त्या खटल्यानंतर १८१८ ची एलिझाबेथ फाशी देणाऱ्या न्यायव्यवस्थेवर कडाडून बोलते: एका खुनाबद्दल दुसरा जीव सावकाश, छळून घ्यायचा आणि त्याला न्याय म्हणायचं! मेरी वोलस्टनक्राफ्ट आणि गॉडविन या बंडखोर विचारांच्या लेखकांची मुलगी लिहितेय हे तिथे लगेच ओळखू येतं. १८३१ मध्ये ते बोलणं नाही.

आपल्या वाचकाला आणखी एक बदल मुद्दाम सांगतो. व्हिक्टरचा मित्र क्लर्व्हल १८१८ मध्ये फारसी, अरबी आणि हिब्रू शिकायचं म्हणतो. १८३१ मध्ये हिब्रूच्या जागी संस्कृत येते, आणि पुढे त्याचा बेतही स्पष्ट होतो: भारतात जायचं, तिथल्या भाषांच्या ज्ञानाच्या जोरावर युरोपीय वसाहत आणि व्यापार वाढवायला हातभार लावायचा. म्हणजे व्हिक्टरचा सज्जन, कविमनाचा सोबती कंपनी सरकारच्या कामाचा माणूस होऊ पाहतो. याच पुस्तकात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कहाणी ऐकून तो प्राणी रडतो. १८३१ वाचायचं सगळ्यात चांगलं कारण मला हेच वाटतं, पण ते दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवा.

आता पत्रांबद्दल. पुस्तकात तीन ‘मी’ आहेत, एकात एक बसवलेले. बाहेरचा मी रॉबर्ट वॉल्टन, उत्तर ध्रुवाकडे निघालेला जहाजाचा कप्तान. तो इंग्लंडमधल्या बहिणीला पत्रं लिहितो. बहिणीचं नाव मार्गारेट वॉल्टन सॅव्हिल, आणि त्याची आद्याक्षरं मेरी वोलस्टनक्राफ्ट शेलीच्या आद्याक्षरांशी जुळतात. बर्फातून उचललेला व्हिक्टर त्याला आपली कहाणी सांगतो, तो दुसरा मी. व्हिक्टरच्या कहाणीच्या पोटात तो प्राणी बोलतो, तो तिसरा. पत्रं गाळली की पहिला मी जातो आणि मग सगळं व्हिक्टरच्या तोंडचं सत्य वाटू लागतं. खरं तर पुस्तकाच्या शेवटाकडे वॉल्टन सांगतो की मी टिपणं काढतोय हे व्हिक्टरला कळलं तेव्हा त्याने ती मागून घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि भर घातली. आपण जे वाचतो ते आरोपीनेच तपासून दिलेलं निवेदन आहे! हे लक्षात ठेवून वाचलं की त्याच्या प्रत्येक ‘माझा नाइलाज होता’कडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

वॉल्टन व्हिक्टरसारखाच आहे: एकटा, पुस्तकांवर वाढलेला, कीर्तीचा भुकेला. जहाज बर्फात अडकतं तेव्हा खलाशी म्हणतात मागे फिरू या. तो काय करतो ते सांगत नाही, पण पुस्तकाचा निवाडा तिथे आहे, आणि तो कळायला पहिली चार पत्रं वाचलेली लागतात. चारही मिळून पंधराएक पानांचा मामला आहे. पहिली तीन भराभर वाचा, चौथ्याला वेग कमी करा.

सिनेमा पाहून आलेल्या वाचकाचा अडखळा ठरलेला असतो. प्राणी जिवंत होतो त्या प्रसंगी किल्ला, कुबडा मदतनीस, विजेचा कडकडाट, यातलं काहीही पुस्तकात नाही. व्हिक्टर एकटाच काम करतो, घराच्या अगदी वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जवळजवळ दोन वर्षं. सामान विच्छेदनगृहातून आणि कत्तलखान्यातून येतं. प्राणी आठ फुटी का? बारीक अवयव जुळवायला वेळ फार जातो म्हणून त्याने सगळंच मोठ्या मापाचं करायचं ठरवलं. आणि ती रात्र: नोव्हेंबर, पहाटेचा एक, तावदानांवर पावसाची टपटप, मेणबत्ती संपत आलेली, आणि तेवढ्या उजेडात एक निस्तेज पिवळा डोळा उघडताना दिसतो. केस काळेभोर आणि चमकदार, दात मोत्यासारखे, पण पिवळ्या कातडीखाली स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकलेल्या. त्याने अवयव सुंदर असेच निवडले होते. एवढ्यात व्हिक्टर खोलीतून पळतो. जीव नेमका कसा घातला हे लेखिका सांगत नाही. व्हिक्टर ती युक्ती वॉल्टनपासून मुद्दाम लपवतो. विजेचा संबंध आपण जोडतो तो त्या काळातल्या प्रयोगांमुळे. इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानीच्या बेडकांवरच्या विजेच्या प्रयोगांचा ग्रंथ १७९१ चा. त्याचा भाचा आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतातून वीज सोडली, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. तो उघडलेला डोळा मनात ठेवून हे प्रकरण वाचा.

फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचं आडनाव, प्राण्याला नाव नाहीच. आणि तो मुका तर मुळीच नाही, पुस्तकातलं सर्वांत सुंदर बोलणं त्याचंच आहे. खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून शेजारचं डी लेसी कुटुंब पाहत तो भाषा शिकतो. साफी नावाच्या परदेशी मुलीला धडे दिले जात असतात, तेच तो चोरून ऐकतो. नंतर रानात एका चामडी पेटीत त्याला मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्लुटार्कची चरित्रं आणि गटेचा ‘वेर्थर’ सापडतात. मिल्टनचं काव्य तो खरा इतिहास समजून वाचतो आणि स्वतःला आधी आदमशी, मग सैतानाशी ताडून पाहतो. त्याच काव्यातल्या आदमच्या तक्रारीच्या ओळी (मातीतून मला घडव असं मी म्हणालो होतो का?) १८१८ च्या शीर्षकपानावर छापलेल्या आहेत. मिल्टन वाचायची गरज नाही, तेवढ्या ओळी समजून घ्या.

वाचायची गती अशी ठेवा. पत्रं आणि पहिला खंड दोन-तीन बैठकांत. दुसऱ्या खंडाचं ३ ते ८ हे प्राण्याचं निवेदन शक्यतो एका दमात, मधे तोडलं की ‘मी’ कोण याचा गोंधळ होतो. त्यातलं सहावं प्रकरण डी लेसी कुटुंबाची पूर्वकथा आहे, ते थोडं रेंगाळतं, पण साफीच्या पत्रांच्या नकला लक्षात ठेवा, व्हिक्टर खरं बोलतोय याचा पुरावा म्हणून त्या वॉल्टनच्या हाती येतात. तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीचा ऱ्हाइन आणि इंग्लंडचा प्रवास नजर टाकत गेलात तरी चालेल. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर पोचलात की पुन्हा सावकाश. भाषेत अडेल ते बहुतेक जुन्या वापरामुळे: नॅचरल फिलॉसॉफी म्हणजे तेव्हाचं विज्ञान, काउंटनन्स म्हणजे चेहरा, हॉवेल म्हणजे खोपट. पन्नासेक पानांनंतर कोश लागणार नाही.

१८३१ ची प्रत आधीच घरात असेल तर नवी विकत घेऊ नका. तीच वाचा, आणि १८१८ ची फुकट फाइल उघडून एवढ्या जागा ताडून पाहा: एलिझाबेथचं घरात येणं, ओकवरची वीज, वाल्डमनच्या व्याख्यानानंतरची रात्र, जस्टिनच्या खटल्यानंतरचं एलिझाबेथचं बोलणं, आणि क्लर्व्हलच्या भाषा. १८१८ मध्ये या सगळ्या जागा पहिल्या खंडातच सापडतील. क्लर्व्हलचा भारताचा बेत तेवढा १८३१ च्या एकोणिसाव्या प्रकरणात आहे.