घरात पडून असलेला निकॉन डी४० आज वापरण्यात मजा आहे का?

आहे की! फक्त त्याच्याकडून मोबाइलची कामं करून घेऊ नका. २००६ सालच्या या कॅमेऱ्याचे ६ मेगापिक्सेल १२ बाय ८ इंची प्रिंटला पुरतात. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० वर, चांगल्या उजेडात रंग सुरेख येतात. १६०० ला मात्र दाणे दिसतात. खरी गंमत फ्लॅशची. सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा वेग, १/५०० सेकंदापर्यंत जातो, त्यामुळे भर उन्हातही चेहऱ्यावरची सावली उजळता येते. कित्येक महागड्या नव्या कॅमेऱ्यांचा साधा सिंक इथवर पोचत नाही!

लेन्स घेताना एएफ-एस (आतच फोकसची मोटर असलेली) लिहिलेलीच बघा, कारण कॅमेऱ्याच्या बॉडीत ती मोटर नाही. ३५ एमएम एफ/१.८ मिळाली तर सोडू नका. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच. आणि आधी बॅटरी तपासा, इतक्या वर्षांत ती बहुधा गेलेली असते.