उजवं चाक कुणालाही उघडू देऊ नका

प्रश्न : माझ्या २००२ सालच्या पेट्रोल सेडानच्या मागच्या चाकांतून घरघर येऊ लागली. ऑपेरा हाउसच्या एका दुकानातून दोन्ही चाकांची बेअरिंग मीच आणली (४,६०० रुपये, पक्कं बिल आहे) आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतली. मजुरीचे २,२०० रुपये यूपीआयने दिले. मिळाली ती साध्या कागदावरची चिठ्ठी, खाली शिक्का : ‘काम झाल्यावर जबाबदारी नाही.’ तिसऱ्या दिवशी डावं चाक गरम लागतंय असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, तर ‘नवीन आहे, बसेल’ असा व्हॉइस मेसेज आला. एकोणिसाव्या दिवशी द्रुतगती मार्गावर डाव्या चाकातून धूर येऊन ते जाम झालं. टोइंगला २,८०० गेले. गाडी आता बोरिवलीत घराजवळच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये आहे. त्यांचं एस्टिमेट ३१,५०० रुपये, आणि काम लगेच सुरू करू म्हणतात. पहिला गॅरेजवाला म्हणतो, माल तुम्ही आणलात, दुकानदाराला धरा. दुकानदार म्हणतो, बसवणाऱ्याने चूक केली. मी कुणाला धरू?

उत्तर : दोघांनाही. पण त्याआधी बोरिवलीच्या गॅरेजला आत्ता फोन करा आणि सांगा की मागच्या दोन्ही चाकांना पाना लावायचा नाही. डाव्या चाकाला तर नाहीच, पण उजव्याला त्याहून नाही. उजवं चाक त्याच दिवशी, त्याच हाताने, त्याच मालाने बसवलंय आणि ते अजून शाबूत आहे. तुमच्या बाजूने त्याच्याइतका चोख साक्षीदार दुसरा कोणी नाही.

दुकानाच्या बिलावरचे नंबर कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलर असलेली आतली कडी) वेगळे असलेल्या टेपर रोलर बेअरिंगचे आहेत. अशा बेअरिंगची बसवणी नटावर ठरते. ड्रम फिरवत फिरवत नट साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर जोराने आवळायचा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग तो सोडायचा आणि आतला वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जेमतेम सरकेल इतकाच हलका ठेवायचा. साधारण ०.०२ ते ०.१० मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळीक, राहायला हवा. नट फिरू नये म्हणून घालतात त्या स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे घ्यायचा, पुढे कधीच नाही. आजकालच्या गाड्यांत सीलबंद हब बेअरिंग असतं आणि त्याचा नट दीडशे-दोनशे न्यूटन-मीटरने कचकचून आवळतात. रोज तेच करणारा हात टेपर बेअरिंगवर तसाच फिरला, की रोलर कपात घासत राहतात, ग्रीस पातळ होऊन सीलमधून ब्रेक लायनरवर उतरतं आणि शेवटी कोन स्टब अ‍ॅक्सलला (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याला) चिकटून बसतो. तिसऱ्या दिवसापासून चाक तापणं या क्रमात चपखल बसतं. तरी तो अजून अंदाज आहे, पुरावा नाही.

पुरावा कसा तयार करायचा ते सांगतो. दोघांनाही स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच पत्र पाठवा : अमुक तारखेला अमुक वाजता चाकं उघडणार आहोत, या किंवा माणूस पाठवा. पाच-सहा दिवसांची मुदत पुरे. तुमच्याकडून मोटार विभागातला परवानाधारक विमा सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) उभा करा. विम्याचा दावा नसला तरी त्याला खाजगीत नेमता येतं आणि त्याच्या सहीच्या अहवालाला ग्राहक आयोगात वजन असतं. गॅरेजच्या मेकॅनिकचं पत्र त्याच्या जागी चालणार नाही. दुरुस्तीचे पैसे त्यालाच मिळणार असल्याने समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालेल. दोघंही आले नाहीत तर थांबू नका. व्हिडिओ चालू ठेवून काम करा आणि सुरुवातीला गाडीचा नंबर, ओडोमीटर आणि तारीख दाखवा.

सुरुवात उजव्या चाकापासून. हँडब्रेक सोडा आणि ब्रेक शूचं अ‍ॅडजस्टमेंट ढिलं करा, नाहीतर लायनरची ओढ आणि बेअरिंगची ओढ यांत गल्लत होते. चाक वर-खाली धरून हलवून प्ले पाहा, डायल गेजने मोजा. मग टोपी काढून नट आणि स्टबवर रंगाची सलग रेघ मारा. स्प्लिट पिन नवी आहे की जुनीच वाकवलीय त्याचा फोटो घ्या. नट सोडताना वॉशर मोकळा व्हायला तो किती फिरवावा लागला ते मोजा. प्ले शून्य असेल आणि नट पाव फेरा सोडल्यावरच वॉशर हलत असेल, तर पहिल्या गॅरेजची पद्धत कागदावर आली. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं या कामाचं पान सोबत जोडा, कारण आयोगाच्या सदस्यांना टेपर बेअरिंगचा प्ले ठाऊक असेल असं धरून चालता येत नाही.

डाव्या चाकात रंग आणि खुणा वाचायच्या. रोलर आणि कप निळे-तपकिरी पडले असतील, रोलरची टोकं खरवडली असतील, तर अतिताण किंवा ग्रीस कमी. कपावर रोलरच्या अंतराने ठळक चट्टे दिसले, तर कप हातोड्याने कोनावर ठोकून बसवलाय. कप हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) फिरल्याच्या चकचकीत खुणा म्हणजे नंबर किंवा माप चुकलं, किंवा हबच झिजलेला होता. गंजाचे खड्डे असतील तर पाणी शिरलंय, आणि मग गॅरेजवाला पावसाळ्याकडे बोट दाखवेल. ड्रमच्या आत लायनर टेकतो तो पट्टाच निळा आणि बेअरिंग त्यामानाने बरं असेल, तर दोष ब्रेक जाम होण्याचा आहे. हा बचाव तो घेणार हे धरूनच फोटो काढा. नवा कोन जुन्याच कपात घातलाय का तेही पाहा. असं सर्रास चालतं आणि बेअरिंग त्यानेही जातं. निघालेला प्रत्येक भाग, सांडलेल्या ग्रीससकट, न पुसता पिशवीत बंद करून सर्व्हेअरची सही घ्या. केरोसीनने धुतलेलं बेअरिंग काही बोलत नाही.

आता कायदा. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘सेवा’, आणि कामातली हयगय म्हणजे कलम २(११) खालची सेवेतली त्रुटी. माल तुम्ही आणलात म्हणून मजुरी घेणारा सुटत नाही. माल चुकीचा दिसत असेल तर तो न बसवता परत करणं हेही त्याच्या कामातच येतं. शिवाय गाडी त्याच्या ताब्यात असताना ती जपण्याची जबाबदारी भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ ने त्याच्यावर येते. मात्र त्रुटी सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे, म्हणून वरचा एवढा खटाटोप. बेअरिंगच नकली निघालं तर दुकानदार ‘सदोष वस्तू’साठी जबाबदार ठरतो, आणि कलम ३८(२)(क) प्रमाणे आयोग ते सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून तक्रारीत दोघंही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलंत, तर तो गैरहजर असलेल्या दुसऱ्यावर ढकलून मोकळा होईल.

गॅरेजचं पक्कं बिल नाही याची फार काळजी करू नका. यूपीआयची नोंद आणि चिठ्ठी मिळून व्यवहार सिद्ध होतो, आणि बिल न देणं हीच कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तोही मुद्दा तक्रारीत घ्या. शिक्क्याविषयी मात्र जपून लिहा. ‘हा करार अन्यायकारक म्हणून रद्द करा’ अशी मागणी केलीत तर तो विषय कलम ४७ खाली राज्य आयोगाचा होतो आणि जिल्हा आयोगात अधिकारक्षेत्राचाच वाद सुरू होतो. एवढंच म्हणा की एकतर्फी शिक्क्याने सेवेतल्या त्रुटीची जबाबदारी टळत नाही.

तुमची दुबळी बाजू म्हणजे चाक तापतंय हे कळूनही १६ दिवस गाडी चालवलीत. यावर भरपाई थोडी कापली जाऊ शकते. इथे तो व्हॉइस मेसेज कामी येतो. मूळ फोनमधून तो पुसू नका, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. त्याचा पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

तुम्ही बोरिवलीत राहता, त्यामुळे कलम ३४ प्रमाणे मुंबई उपनगर जिल्हा आयोगात तक्रार चालेल. दुकान ऑपेरा हाउसला असलं तरी दक्षिण मुंबईत हेलपाटे नकोत. आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने फी शून्य. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं. विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे सवलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी जुन्या कायद्यातल्या तशाच तरतुदीवर सांगितलं आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो हे मनात धरूनच पुढे जा.

पोलीस ठाण्याची पायरी चढू नका. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनचा हेतू लागतो, तो इथे दिसत नाही. विमा कंपनीकडेही फारसं मिळणार नाही, कारण नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते.

मागणी आटोपशीर ठेवा : बेअरिंग, मजुरी, टोइंग, स्टब अ‍ॅक्सल, डावा ड्रम, लायनर, सर्व्हेअरची फी, आणि बिलं असतील तेवढाच टॅक्सीचा खर्च. ३१,५०० च्या एस्टिमेटमध्ये नवे व्हील सिलिंडर किंवा दोन्ही बाजूंचे लायनर घुसवले असतील तर ते वगळा. जुनी झीज समोरच्याकडून भरून घेता येत नाही. मानसिक त्रासाचे पाच लाख मागितलेत तर खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सर्व्हेअरचा अहवाल हाती आला की त्याच्या प्रतीसह १५ दिवसांची नोटीस द्या. उजव्या चाकाचं माप तुमच्या बाजूने निघालं आणि गॅरेजवाल्याने २० हजारांच्या वर देऊ केले, तर मी तडजोड लिहून घेईन, पैसे खात्यात आल्यावरच सही करेन आणि दुकानदाराविरुद्धचा हक्क त्या कागदात राखून ठेवेन. बोरिवलीच्या गॅरेजशी पार्किंगचा रोजचा दर आजच लेखी ठरवून टाका.