वाचकांचे प्रश्न : सिगारेटऐवजी वनौषधींची वाफ घ्यावी का?

प्रश्न : गेली १८ वर्षे मी दिवसाला १० ते १२ सिगारेटी ओढत आहे. दोनदा सोडून पाहिली, पण दोन्ही वेळा आठवडाभरातच पुन्हा सुरू झाली. आता वाळवलेल्या वनौषधी तापवून त्यांची वाफ घेण्याचे व्हेपोरायझर वापरून पाहा, असे एका स्नेह्याने सुचवले आहे. ते सुरक्षित असते का आणि घ्यायचेच झाल्यास कसे निवडावे?

उत्तर : ‘आठवडाभरातच’ या आपल्या शब्दात निम्मे उत्तर आले आहे. निकोटीन बंद केल्यावर होणारी तगमग, चिडचिड आणि झोपमोड पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असते व पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. आपण दोन्ही वेळा नेमके या अवघड टप्प्यावर अडलात, तेव्हा मनाच्या दुबळेपणाचा दोष स्वतःकडे कृपया घेऊ नये. मात्र पुदिना, कॅमोमाइल किंवा लॅव्हेंडर यांच्या वाफेत निकोटीन नसते, त्यामुळे ही तलफ व्हेपोरायझरने शमणार नाही.

त्याने टळते ते ज्वलन. झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या जळण्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड व अनेक कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. व्हेपोरायझरमध्ये वनस्पती साधारण १६० ते २२० अंशांपर्यंतच तापवली जात असल्याने ती न पेटता तिच्यातील सुगंधी तेले वाफेबरोबर बाहेर येतात. तरीही ही वाफ निरुपद्रवी आहे, असे मी म्हणणार नाही. जी वनस्पती काढ्यात चालते ती फुप्फुसांनाही चालेलच असे नाही, आणि दमा असलेल्यांना निलगिरी किंवा पुदिन्याच्या उग्र वाफेनेही धाप लागू शकते. तंबाखूविरहित ‘हर्बल’ सिगारेट तर त्याहून वाईट, कारण ती पेटवली की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड आलेच.

एवढे जाणूनही उपकरण घ्यायचे असेल, तर आपल्याकडील कायद्यात त्याला परवानगी आहे का, हे आधी पाहावे; अनेक देशांत अशा उपकरणांवर निर्बंध आहेत. निवडताना तापमान अंशांत ठरवता येते की नाही, याला मी सर्वाधिक महत्त्व देईन, कारण ज्यात केवळ ‘कमी-जास्त’ असे बटण असते त्यात वनस्पती केव्हा करपू लागली हे कळत नाही. तापलेल्या भिंतीला चिकटून वनस्पती गरम होते अशा रचनेपेक्षा तिच्यातून गरम हवा खेळवणारी रचना बरी. पहिल्या प्रकारात कडेचा चुरा आधी जळतो. वाफेचा मार्ग काच, सिरॅमिक किंवा स्टेनलेस स्टीलचा असावा, आणि रिकामे उपकरण तापवल्यावर प्लास्टिकचा वा गोंदाचा वास आला तर ते परत करावे. वापरानंतर चुरा तपकिरी दिसला तर ठीक. काळा पडला तर जळण झाले, असे समजून तापमान उतरवावे.

उपकरणात तेल किंवा तेलाची काडतुसे मात्र कधीही घालू नयेत. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वाफ ओढण्यातून फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या २,८०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि त्या इजेचा घनिष्ठ संबंध तेलांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. वाळवलेल्या वनौषधीत चवीपुरती तंबाखू मिसळण्याचा मोहही टाळावा. तेवढ्याने निकोटीन परत येते.

तलफेसाठी स्वतंत्र उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत निकोटीनचे पॅच व च्युइंगगम, तसेच व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन ही औषधे समुपदेशनाच्या जोडीने सुचवली आहेत. आपल्याला यांपैकी काय मानवेल, हे डॉक्टरांना विचारून सिगारेट बंद करण्याची तारीख ठरवावी. व्हेपोरायझर वापरलेच तर हाताची व ओठांची सवय मोडेपर्यंत, काही आठवड्यांपुरतेच वापरावे. दिवसा वाफ आणि रात्री सिगारेट अशी वाटणी करू नये, कारण दिवसाला एखाद-दुसरी सिगारेटही हृदयविकाराचा धोका बराच वाढवते.

प्रश्न : घरात दमा असलेले मूल आहे. त्याच्यासमोर अशी वाफ घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही. खिडकी उघडी ठेवूनही नाही; घराबाहेर जावे.