'कूलिंग ऑफ पिरियड'ला मराठीत काय म्हणायचं?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय की निवृत्त आयएएस अधिकारी कंपनीत रुजू झाले की बातमीत 'कूलिंग ऑफ पिरियड' असं येतं, त्याला 'थंडावा काळ' म्हणावं की 'बंदीकाळ'?

ताई, थंडावा काळ नकोच, ऐकणाऱ्याला उन्हाळ्याची सुट्टी वाटते. आणि बंदीकाळ तर चूकच आहे, कारण नियमात बंदी नाहीये, सरकारची आधी परवानगी घ्या एवढंच आहे. आयएएसवाल्यांना १९५८ चे निवृत्तिलाभाचे नियम लागू होतात, त्यात निवृत्तीनंतर १ वर्षाच्या आत खाजगी व्यावसायिक नोकरी धरायची तर आधी अर्ज करायचा, पूर्वी ही मुदत २ वर्षांची होती. न विचारता रुजू झाले तर सरकार पेन्शन पूर्ण किंवा थोडं रोखू शकतं. केंद्राच्या ग्रुप ए, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या अधिकाऱ्यांनापण असाच नियम आहे. आपले तहसीलदार वगैरे राज्याचे नोकर, त्यांचे नियम वेगळे, ते यात घालू नका.

आणखी एक, इथं 'नोकरी' म्हणजे नुसती पगाराची नोकरी नाही बरं का, खात्यात असताना मिळालेल्या माहितीवर स्वतःचं सल्लागाराचं दुकान काढलं तरी ते यातच येतं, पण सरकारी कंपनीत गेले तर येत नाही.

हे एवढं कशासाठी, तर काल खुर्चीत होते ते साहेब आज कंपनीची फाईल घेऊन त्याच ऑफिसात आले की क्लार्क उठून उभा राहतो, चहा मागवतो, आणि शेजारी बाकावर सकाळपासून बसलेला खानापूरचा माणूस तसाच बसून राहतो. साहेबांची ओळख जुनी व्हायला वेळ द्यायचा असतो, आणि मला विचाराल तर १ वर्ष फारच कमी आहे ओ, टेंडरचं काम त्याहून जास्त चालतं.

म्हणून मी 'परवानगीचं वर्ष' म्हणेन. 'साहेबांचं परवानगीचं वर्ष अजून संपलं नाही' हे बेळगावात काय, चिक्कोडीत काय, कुणालाही एका दमात कळतं. छापील लिहायचं असेल तर 'पूर्वपरवानगीचा काळ' चालेल. फक्त बातमीत पुढं हेही लिहा की परवानगी मागितली होती का आणि मिळाली का, ते बहुतेक वेळा गाळलेलंच असतं.