आवाज दाटतो, तेव्हा आधी आकडा बोला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 26, बी.एस्सी. ॲग्री, शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या कंपनीत, मुख्य कार्यकारी अधिकारी. त्या लिहितात, ‘संचालक सगळे बाबांच्या वयाचे. सभेत आवाज दाटतो. कोणाचा माल परत पाठवायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. वऱ्हाडी बोलते म्हणून बँकेचे साहेब हसतील असं वाटतं. बोलण्याचा कोर्स लावू का?’

ताई, कोर्सचे पैसे सध्या राहू द्या. पत्रातलं तुमचंच एक वाक्य पाहा : ‘काका, मले वाटते सोयाबीन थोडं ओलं असन, जमलं तर वाळवून आणता का?’ ओलावा मोजायचं मीटर तुमच्या हातात होतं आणि तुम्ही ‘मले वाटते’ म्हणालात. मग काका घासाघीस करणारच. त्याऐवजी म्हणा, ‘काका, मीटर पाहा, ओलावा 15 टक्के दाखवते. हमीभावात 12 च्या वर घेता येत नाही. दोन दिवस ऊन द्या, बुधवारी आणा, पहिला काटा तुमचाच.’ मान राखला गेला, निर्णयही झाला. 2024 मध्ये केंद्रानं ही मर्यादा 15 पर्यंत सैल केली होती, लोक तोच दाखला देतील. म्हणून चालू हंगामाचं सरकारी खरेदीचं परिपत्रक काट्याजवळ चिकटवून ठेवा.

सभेत तुम्ही हिशेब लिहायला बसलेली पोरगी नाही. कंपनी कायद्यानं उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी संचालक मंडळाचा पदसिद्ध सदस्य असतो. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी जाते. तिच्यासोबत विषय आणि आकडे एका पानावर द्या. जे संचालक हमखास अडवतात, त्यांच्या ओट्यावर आदल्या संध्याकाळी जा आणि त्यांची हरकत आधी पूर्ण ऐका. माझ्या मते निम्मी सभा तिथंच होते. हात थरथरले तर थरथरू द्या, फक्त पहिली दोन वाक्यं घरी मोठ्यानं म्हणून जा.

वऱ्हाडीची लाज मात्र मला खरंच टोचली. गाडगेबाबा वऱ्हाडीतच कीर्तन करत. लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत, आणि अख्खा महाराष्ट्र ऐकत बसे. बँकेच्या साहेबांना किती माल आला, किती विकला, किती येणं बाकी आहे, एवढंच हवं असतं. ते न अडखळता सांगा, वऱ्हाडीत सांगितलं तरी चालेल.

पुढची सभा झाली की पहिली दोन वाक्यं काय बोललात, ते जसंच्या तसं लिहून पाठवा.