दुवा तुटला म्हणून व्हीएम पाडू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उदगीरचा. शहरात आणि आसपासच्या तेरा खेड्यांत आमचं ब्रॉडबँड आहे, साडेसहाशे कनेक्शन. मुख्य राउटर म्हणजे लिनक्सची एक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम). तिची दोन्ही नेटवर्क कार्डं ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअरच्या स्विचवर डीपीडीके (पॅकेट कर्नलला वळसा घालून झपाट्यानं हलवणारी लायब्ररी) लावून चालतात. महिन्यातून एखाद्या वेळी व्हीस्विचची प्रोसेस मरते. ती आपोआप पुन्हा उठते, पण व्हीएमला नेटवर्क काही येत नाही. शेवटी व्हीएम बंद-चालू करतो. मग सगळी गिऱ्हाइकं एकदम लॉगिनला धावतात, अर्धा तास जातो, फोन थांबत नाही. व्हीएम न पाडता डिव्हाइस परत येऊ शकतं का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : भाऊ, येऊ शकतं. तुमच्या व्हीएमचं काहीच बिघडलेलं नसतं, ती बिचारी जागेवर वाट बघत असते आणि आपण तिलाच पाडतो. ही चूक मी स्वतः केली आहे, ती पुढे सांगते. आधी प्रोसेस मरते तेव्हा नेमकं काय मरतं ते बघू.

माझे वडील नांदेडच्या जुन्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सोयाबीनच्या दिवसांत दुकानात दोन वह्या उघड्या असायच्या. एकीत वडील लिहायचे, कोणती पोती उचलायची. हमाल पोतं थप्पीला लावून आला की दुसरीत खूण व्हायची. दुपारी एखादा हमाल उन्हानं आडवा झाला तर दुसरा यायचा, दोन्ही वह्या बघायचा आणि पुढचं पोतं उचलायचा. दुकान बंद करायची वेळ कधी आली नाही, कारण वह्या दुकानाच्या होत्या, हमालाच्या नव्हत्या.

व्हर्टआयओची, म्हणजे व्हीएमला नेटवर्क कार्ड आणि डिस्क पुरवायच्या पद्धतीची, रचना अशीच आहे. रस्टी रसेल यांनी ती 2008 मध्ये मांडली, 2016 मध्ये ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं तिची 1.0 आवृत्ती प्रमाण केली. व्हीएम 'अव्हेलेबल' रिंगमध्ये काम लिहिते, मागचा कामकरी ते उरकून 'यूज्ड' रिंगमध्ये नोंद करतो. या दोन्ही रिंग व्हीएमच्याच मेमरीत असतात. तुमच्याकडे कामकरी म्हणजे व्हीस्विचची प्रोसेस, ती ही मेमरी फक्त उघडून वापरते. ती मेली तरी मेमरी क्यूएमयूच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात शाबूत राहते. जातो तो दोघांमधला युनिक्स सॉकेट (दोन प्रोसेसमधला बोलायचा दुवा), आणि कामकऱ्याच्या डोक्यात असलेला 'मी कुठवर आलो' हा आकडा.

मग तुमचं नेटवर्क परत का येत नाही? माझा अंदाज असा, की तुमची पोर्टं जुन्या 'डीपीडीके व्हीहोस्ट युजर' जातीची असावीत. त्यात सॉकेट व्हीस्विच तयार करतो आणि क्यूएमयू त्याला जाऊन जोडतं. व्हीस्विच मेला की क्यूएमयूच्या हातातला दुवा तुटतो आणि पुन्हा जोडायचा प्रयत्न करायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नवा व्हीस्विच नवा सॉकेट उघडून बसतो, पण तिकडे कुणी फिरकत नाही. म्हणून ही जात ओपन व्हीस्विचनं स्वतःच बाद ठरवली आहे. 'डीपीडीके व्हीहोस्ट युजर क्लायंट' ही जात घ्या. तिच्यात भूमिका उलटतात : सॉकेट क्यूएमयू उघडून धरतं आणि व्हीस्विच मरून उठला की तोच जाऊन जोडतो. जो टिकणार आहे त्यानं दार धरायचं, जो मरू शकतो त्यानं येऊन ठोठवायचं.

त्यासाठी क्यूएमयू 2.7 किंवा पुढचं हवं. लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळायचं साधन) एक्सएमएलमध्ये त्या इंटरफेसच्या सोर्सला मोड 'सर्व्हर' लिहा, व्हीस्विचकडच्या पोर्टाला त्याच सॉकेटचा पत्ता द्या. व्हीएमची मेमरी ह्यूजपेजवर (मोठ्या पानांच्या मेमरीवर) आणि 'शेअर्ड' आहे ना, तेही बघून घ्या. हा बदल करायला व्हीएम एकदा बंद करावीच लागेल. पहाटे तीनची वेळ धरा आणि गिऱ्हाइकांना आदल्या दिवशी मेसेज टाका.

जोडणी परत झाली की क्यूएमयू व्हीस्विचला सगळं नव्यानं देतं : मेमरीचा नकाशा, रिंगचे पत्ते, एकमेकांना जागं करायचे दुवे. हरवलेला आकडा यूज्ड रिंगमधल्या नोंदीवरून काढता येतो, कारण इथे पॅकेट ओळीनं उरकली जातात. शेवटची खूण जिथे, तिथून पुढे सुरू. चार-दोन पॅकेट हरवतील नाहीतर दोनदा जातील, ते टीसीपी सांभाळून घेतं.

आता तुमच्या धंद्याचं. मधल्या काळात व्हीएमला लिंक पडलेली दिसेल आणि नंतर उठलेली. लिंक पडली म्हणून लिनक्स पीपीपीओईची (गिऱ्हाइकांच्या लॉगिनची) सत्रं लगेच तोडत नाही. ती तुटतात इकोला, म्हणजे 'आहेस का' या हाकेला, उत्तर न आल्यानं. वीस सेकंदांनी एक इको आणि तीन चुकले की तोडा, असं लावलेलं असेल तर तुमच्या हातात मिनिटभर आहे. गिऱ्हाइकाच्या घरचा राउटरही आपल्या बाजूनं असाच हिशेब ठेवतो. त्या मिनिटात व्हीस्विच परतला तर लोकांना फक्त व्हिडिओ अडकल्यासारखा वाटेल. पण एक गोष्ट अजिबात करायची नाही : घाईत व्हीएममध्ये जाऊन इंटरफेस डाउन-अप. इंटरफेस डाउन केला की कर्नल त्यावरची सगळी पीपीपीओई सत्रं त्याच क्षणी पुसून टाकतो. साडेसहाशे घरं तुमच्या एका कमांडनं बाहेर पडतील.

मिनिट वाचवायचं तर कोअर डंपकडे (मरणाऱ्या प्रोसेसच्या मेमरीची डिस्कवरची प्रत) बघा. डीपीडीकेच्या प्रोसेसकडे मेमरी भरपूर असते. मरताना ती सगळी डिस्कवर ओतायला लागली तर पुन्हा उठायला उशीर होतो. डंपला मर्यादा घाला.

डिव्हाइस आलं, लिंक हिरवी झाली, तरी पॅकेट हलेनात, असंही होईल. तेव्हा फ्लो, म्हणजे कोणतं पॅकेट कुठे पाठवायचं ते नियम, तपासा. पोर्टं आणि ब्रिज व्हीस्विचच्या डेटाबेसमध्ये असतात, ती परत येतात. हातानं घातलेले ओपनफ्लोचे नियम मात्र प्रोसेसबरोबर जातात. ते एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा आणि प्रोसेस उठली की ती स्क्रिप्ट चालेल अशी सोय करा. या एका गोष्टीपायी परभणीला मी रात्रीचे दोन तास घालवले होते, सगळा वेळ सॉकेटकडे संशयानं बघत.

व्हीस्विच अपग्रेड करताना सुविधांची यादी बदलू देऊ नका. व्हीएमनं सुरुवातीला ज्या सुविधा ठरवून घेतल्या, त्याच परतलेल्या कामकऱ्याकडे असाव्या लागतात. चालू व्हीएमला मधेच 'आता हे मिळणार नाही' असं सांगता येत नाही.

आणि हे सगळं गिऱ्हाइकांवर करून बघण्याआधी सुट्या मशीनवर बघा. व्हीस्विचच्या प्रोसेसला सेगव्ही सिग्नल (क्रॅशचा इशारा) द्या. किल नऊ (सक्तीनं मारणारा सिग्नल) देऊ नका, कारण त्या सिग्नलनं मेलेल्या प्रोसेसला व्हीस्विचचा मॉनिटर पुन्हा उठवत नाही. क्रॅश झाला तरच उठवतो. अनेकजण किल नऊ देऊन 'जमत नाही' म्हणत सोडून देतात.

आता माझी चूक. नांदेडातल्या एका पॅथॉलॉजी लॅबची व्हीएम होती, तिची डिस्क अशाच वेगळ्या प्रोसेसमधून यायची. एका संध्याकाळी ती प्रोसेस मेली आणि व्हीएम गोठली. लॅबमध्ये माणसं रिपोर्टसाठी उभी होती. मी दडपणाखाली व्हीएमला सक्तीचं पॉवर-ऑफ दिलं. डिस्कवर जायची वाट बघत व्हीएमच्या मेमरीत थांबलेलं सगळं त्या क्षणी गेलं. 41 जणांच्या नोंदी आम्ही रजिस्टरवरून पुन्हा भरल्या, दोन नमुने तर पुन्हा घ्यावे लागले. त्यातल्या एका आजीबाई हदगावहून दुसऱ्यांदा आल्या. प्रोसेस परत उठवून जोडणीची वाट बघितली असती तर त्यांना यावं लागलं नसतं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

डिस्कचं प्रकरण नेटवर्कहून नाजूक असतं, ते याचसाठी की तिथे कामं ओळीनं संपत नाहीत. पाचवं आधी होतं, तिसरं रेंगाळतं. यूज्ड रिंग बघून 'इथवर झालं' असं म्हणता येत नाही. त्यासाठी तिसरी वही लागते : कोणतं पोतं सध्या हमालाच्या पाठीवर आहे त्याची. व्हीहोस्ट-युजरमध्ये (क्यूएमयू आणि कामकरी ज्या भाषेत बोलतात ती) ही 'इनफ्लाइट' नोंद 2019 मध्ये आली. ती सामायिक मेमरीत असते आणि क्यूएमयू तिला धरून ठेवतं, त्यामुळे कामकरी मेला तरी उरते. नवा आला की अर्धवट कामं त्यातून वाचून पुन्हा करतो. त्याच जागी तेच लिखाण दोनदा झालं तर नुकसान नाही. तुमच्या डिस्कचा बॅकएंड ही सोय देतो का, हे घेण्याआधी विचारा. आणि क्यूएमयूच्या सॉकेटला 'रीकनेक्ट'चे सेकंद लावा, नाहीतर सोय असूनही दुवा परत जुळणार नाही.

प्रश्न : मी अंबाजोगाईला शिकतो. व्हर्टआयओ-एफएसनं होस्टचं फोल्डर व्हीएममध्ये लावलं आहे. ते पुरवणारी व्हर्टआयओएफएसडी ही प्रोसेस मेली की फोल्डर गोठतं, एलएस दिलं तरी टर्मिनल अडकतं. ती पुन्हा चालू केली तरी फरक नाही. का?
– एक विद्यार्थी

उत्तर : कारण इथे सगळा हिशेब वह्यांमध्ये नसतो. कोणती फाइल उघडी आहे, कोणता आकडा म्हणजे कोणती फाइल, हे त्या मेलेल्या प्रोसेसच्या पोटात होतं. नवी प्रोसेस कोऱ्या मनानं येते, व्हीएम जुन्या आकड्यांनी विचारत राहते. तुमचं एलएस 'डी' अवस्थेत अडकतं, त्याला किल लागत नाही, आणि दोनेक मिनिटांनी कर्नल '120 सेकंदांपेक्षा जास्त अडकली' अशी तक्रार लॉगमध्ये टाकतो. अशा वेळी व्हीएम बंद-चालू करण्याला मला तरी पर्याय सापडलेला नाही. करताना आधी दुसऱ्या टर्मिनलवरून 'सिंक' (मेमरीतलं डिस्कवर लिहून घेणारी कमांड) देऊ नका, तेही तिथेच अडकू शकतं. उघड्या फाइली एकेक करून जतन करा, मग बंद करा.

अभ्यासासाठी वेगापेक्षा टिकाऊपणा हवा असेल तर तेच फोल्डर एनएफएसनं (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) 'हार्ड' माउंट करून बघा. सर्व्हर गेला की तेही थांबतं, पण सर्व्हर परतला की जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. होस्टवर एनएफएसची सेवा बंद करा, व्हीएममध्ये मोठी फाइल कॉपीला लावा, पाच मिनिटांनी सेवा चालू करा आणि कॉपी पुरी होते का बघा. काय दिसलं ते मला कळवा.